एकवीस गुणांचा खेळ आणि एक रजिस्टर पाकीट

गणेशोत्सवातील प्रश्नमंजूषा हा आपल्या मंडळाचा जुना आणि लाडका कार्यक्रम. त्यासाठी प्रश्न काढण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. प्रश्नांची पाकिटे लाखेने बंद करावयाची आणि ती व्यासपीठावर सर्वांसमक्ष फोडावयाची, हा आमचा हट्ट सभासदांच्या थट्टेचा विषय होऊन बसला आहे. ‘साहेब, ही काय यू.पी.एस.सी. आहे?’ असे आम्हांस दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागावयास आलेल्या संपादकांनीही हसत हसत सुचविले, की दुसरे काही सुचत नसेल तर त्या लाखेची हकीकतच लिहा. ती सांगावयाची तर वाचकांस आमच्याबरोबर सुमारे सत्तर वर्षे मागे, आणि तेही थेट न्यूयॉर्क शहरी, यावे लागेल.

अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली ती १९५० च्या दशकात. कार्यक्रमांतून रोख बक्षिसे वाटणे ही लॉटरी नव्हे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला आणि मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषांचा मार्ग मोकळा झाला. ७ जून १९५५ रोजी सी.बी.एस. वाहिनीवर ‘चौसष्ट हजार डॉलरचा प्रश्न’ हा कार्यक्रम सुरू झाला. बरोबर उत्तरागणिक रक्कम दुप्पट होत जाई. रक्कम मोठी झाली की स्पर्धकाला एका बंद काचेच्या खोलीत उभे करीत, म्हणजे प्रेक्षकांतून कोणी उत्तर पुरविण्याची सोय नाही. प्रश्न आणले जात ते बँकेच्या तिजोरीतून. सोबत बँकेचा अधिकारी आणि दोन्ही बाजूंस सशस्त्र पहारेकरी! रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी प्रायोजक होती. तिची विक्री पाहता पाहता इतकी वाढली, की इतर कंपन्यांच्या तोंडाला पाणी सुटले. त्यांतूनच वर्षभराने, १२ सप्टेंबर १९५६ रोजी, एन.बी.सी. वाहिनीवर ‘ट्वेंटी-वन’ अवतरला. जॅक बॅरी आणि डॅन एनराइट या जोडीची ती निर्मिती. बॅरी सूत्रसंचालक, एनराइट पडद्यामागचा सूत्रधार आणि प्रायोजक जेरिटॉल, हे एक शक्तिवर्धक औषध.

खेळ मोठा चटपटीत होता. दोन स्पर्धक दोन स्वतंत्र काचखोल्यांत उभे. एकाला दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, गुण कळत नाहीत. प्रत्येक फेरीत विषय सांगितला जाई आणि एक ते अकरा या दर्जांपैकी किती गुणांचा प्रश्न हवा, हे स्पर्धकाने सांगावयाचे. अकरा गुणांचा प्रश्न सर्वांत अवघड. उत्तर बरोबर आले तर तेवढे गुण मिळत, चुकले तर वजा होत. एकवीस गुण प्रथम गाठणारा विजयी. दोन फेऱ्यांनंतर कोणालाही खेळ थांबविण्याची मुभा असे. त्या क्षणी ज्याचे गुण अधिक, तो जिंकला. प्रतिस्पर्धी किती पुढे आहे हे ठाऊक नसताना थांबावयाचे की नाही, यातच सारी रंगत होती. दोघांच्या गुणांतील फरकाला दर गुणामागे पाचशे डॉलर मिळत, आणि सामना बरोबरीत सुटला की हा दर पाचशेने वाढे. पत्ते खेळणाऱ्या कोणाही माणसास हा खेळ पाच मिनिटांत कळावा आणि त्यावरून उठू नये असे वाटावे, अशी त्याची बांधणी होती.

तरीही पहिल्याच रात्री तो साफ पडला. आणि पडला तो प्रामाणिकपणे खेळला गेला म्हणून! स्पर्धकांना प्रश्नामागून प्रश्न येईनात. ज्ञानाची चुरस पाहावयास बसलेल्या प्रेक्षकांना अज्ञानाची चुरस पाहावी लागली. दुसऱ्या दिवशी प्रायोजकाचा संतप्त दूरध्वनी आला, की असला प्रकार पुन्हा आम्हांस दिसता कामा नये. पुढे काय करावयाचे ते त्या क्षणीच ठरले, असे एनराइटने उत्तरायुष्यात स्वतःच सांगून ठेवले आहे.

हर्बर्ट स्टेम्पेल हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा विद्यार्थी. सैन्यात नोकरी करून आलेला, विवाहित, तिशीला टेकलेला, बेताच्या परिस्थितीतला. स्मरणशक्ती मात्र विलक्षण. एनराइट त्याच्या घरी गेला, प्रश्न आणि उत्तरे त्याच्यापुढे ठेवली, आणि मग त्याला घडविण्यास बसला. केस सैनिकासारखे बारीक कापावयाचे. अंगात मापात न बसणारा जुना सूट आणि झिजलेल्या कॉलरचा सदरा. मनगटावर स्वस्तातले घड्याळ, ज्याची टिकटिक बंद खोलीतील मायक्रोफोनवर स्पष्ट ऐकू यावी. घाम पुसावयाचा नाही, रुमालाने हलकेच टिपावयाचा. कोठे अडखळावयाचे, कोठे ओठ चावावयाचा, कोठे डोळे मिटावयाचे, हे सारे पढविलेले. वास्तविक यांतील कित्येक प्रश्नांची उत्तरे त्या माणसाला कोणी न सांगताही आली असती. त्याच्या ज्ञानाला गरिबीचा पोशाख चढवून ते विकावयास काढले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

काही आठवडे हे चालले. मग पाहणाऱ्यांची संख्या जागच्या जागी थबकली, आणि नवा चेहरा हवा अशी निकड निर्माण झाली. तो सापडला चार्ल्स व्हॅन डोरेनच्या रूपाने. वय तीस, कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचा अध्यापक, उंच, देखणा, बोलण्यात आर्जव. वडील मार्क व्हॅन डोरेन आणि चुलते कार्ल व्हॅन डोरेन, दोघेही पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी. स्टेम्पेलला हरविणे अशक्य आहे, हा तर केवळ मनोरंजनाचा भाग आहे, आणि तुमच्यासारखा शिक्षक पडद्यावर जिंकला तर देशात विद्येची प्रतिष्ठा वाढेल, असे त्याला कार्यक्रमाच्या निर्मात्यांपैकी अल्बर्ट फ्रीडमन याने पटविले. यातील शेवटचा युक्तिवाद आम्हांस सर्वांत घातक वाटतो. लोभाला बळी न पडणारी माणसे सत्कार्याच्या नावाला बळी पडतात, हे आम्ही सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिले.

स्टेम्पेलला हरण्याची आज्ञा झाली. दोघांचे सामने मुद्दाम बरोबरीत सोडवून उत्कंठा वाढविण्यात आली, आणि ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्याला प्रश्न आला, की १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे अकादमी पारितोषिक कोणाला मिळाले? उत्तर होते ‘मार्टी’. ब्राँक्समधील एका साध्यासुध्या, एकाकी खाटकाची ती कथा. स्टेम्पेलने तो चित्रपट तीनदा पाहिला होता, तो त्याचा अत्यंत आवडता होता. एनराइटकडे त्याने गयावया केली होती, की मला कोठेही चुकवा, पण येथे चुकवू नका. ऐकले गेले नाही. ठरल्याप्रमाणे त्याने त्याच्या आदल्या वर्षीच्या विजेत्या चित्रपटाचे, ‘ऑन द वॉटरफ्रंट’चे, नाव सांगितले. त्या रात्रीअखेर तो हरला.

व्हॅन डोरेन मात्र राष्ट्राचा लाडका झाला. ११ फेब्रुवारी १९५७ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले. ११ मार्च रोजी व्हिव्हियन निअरिंग या वकीलबाईंकडून तो हरला, तोवर त्याच्या नावावर १,२९,००० डॉलर जमा झाले होते. एन.बी.सी.ने वर्षाला ५०,००० डॉलर देऊन त्याला करारबद्ध केले, आणि सकाळच्या ‘टुडे’ कार्यक्रमात तो लोकांशी साहित्यावर बोलू लागला. स्टेम्पेल वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन खरे सांगत होता. पण पुरावा नाही आणि अब्रुनुकसानीचा दावा होण्याची भीती, म्हणून छापण्यास कोणी धजेना. हरलेल्याची जळजळ, एवढीच त्याच्या सांगण्याची संभावना झाली.

ऑगस्ट १९५८ मध्ये ‘डॉटो’ नावाच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात, पाळीची वाट पाहत बसलेल्या एका स्पर्धकाच्या हाती विजेत्या स्पर्धकाची वही लागली. तीत उत्तरे लिहिलेली होती. कार्यक्रम तडकाफडकी बंद झाला, आणि मग मात्र स्टेम्पेलचे म्हणणे वृत्तपत्रांनी छापले. ऑक्टोबरात ‘ट्वेंटी-वन’ही पडद्यावरून गेला. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांच्या कचेरीतील जोसेफ स्टोन यांनी ग्रँड ज्युरीपुढे चौकशी चालविली. सुमारे दीडशे साक्षीदार आले आणि त्यांतील शंभरएक शपथेवर खोटे बोलले, असा स्टोन यांचाच अंदाज आहे. व्हॅन डोरेनही खोटेच बोलला. येथे कायद्याची एक मौज ध्यानात घेण्याजोगी आहे. स्पर्धकाला उत्तरे आधी सांगणे हा त्या वेळी अमेरिकेत कोणत्याही कलमाखाली गुन्हाच नव्हता! खरे सांगून ही माणसे मोकळी झाली असती. गुन्हा घडला तो ज्युरीसमोर, अब्रू झाकण्याच्या धडपडीत.

ज्युरीचा अहवाल न्यायाधीशांनी मोहोरबंद केला, तो लोकांसमोर आला नाही. या साऱ्या कोलाहलात सबळ पुरावा म्हणून पुढे आले ते एका चित्रकाराचे रजिस्टर पाकीट.

जेम्स स्नॉडग्रास हा चित्रकार १९५७ च्या वसंतात ‘ट्वेंटी-वन’मध्ये खेळला. त्यालाही प्रश्न आणि उत्तरे आधी मिळत. त्याने एक साधी गोष्ट केली. मे महिन्यात, कार्यक्रमाच्या आधी, त्याने ते प्रश्न, ती उत्तरे, ती कशी द्यावयाची याच्या सूचना, सारे कागदावर उतरविले, पाकिटात घातले आणि ते स्वतःच्याच नावावर रजिस्टर टपालाने पाठवून दिले. पाकीट घरी आले, ते त्याने फोडले नाही, तसेच ठेवून दिले. ऑक्टोबर १९५९ मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीसमोर ती पाकिटे आली. टपालाच्या शिक्क्यावरील तारीख कार्यक्रमापूर्वीची. आतील मजकूर आणि पडद्यावर घडलेला प्रसंग एकमेकांशी जुळणारा. हिमगौरीच्या सात बुटक्यांची नावे सांगावयाचा एक प्रश्न होता. कोणत्या नावापूर्वी थांबून आठवल्यासारखे करावयाचे, तेसुद्धा त्या पत्रात नमूद होते. साक्षीदार उलटू शकतो, फितूर होऊ शकतो, विसरू शकतो. टपाल कचेरीतल्या कोणा अनामिक कारकुनाने रोजच्या कामाच्या ओघात मारलेला तो शिक्का उलटत नाही. नोकरीची तीस वर्षे आवक-जावक नोंदवहीच्या सान्निध्यात काढल्यामुळे असेल, पण हा प्रसंग वाचताना आम्हांस जो आनंद झाला तो एखाद्या कादंबरीने क्वचितच दिला आहे. आपल्याकडील स्वतंत्र रजिस्टर सेवा टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन केली, ती बातमी वाचताना आम्हांस स्नॉडग्रासचीच आठवण झाली.

त्या पत्रांत आणखी एक गोष्ट होती. एमिली डिकिन्सन या कवयित्रीसंबंधीच्या एका प्रश्नाला चुकीचे उत्तर देण्याची सूचना त्याला मिळाली होती. आपण ती पाळणार नाही, असे त्याने पत्रातच लिहून ठेवले, आणि कार्यक्रमात खरोखरीच बरोबर उत्तर दिले. निर्मात्यांची तारांबळ उडाली. पढविलेली उत्तरे त्यानेही घेतली होती, तेव्हा त्यास संत ठरविण्याचे कारण नाही. परंतु येत असलेले उत्तर येत नाही असे म्हणण्यास त्याने नकार दिला. उत्तरे फुकट मिळण्यापेक्षा ज्ञात गोष्ट अज्ञात म्हणून सांगावी लागणे हे माणसाला अधिक झोंबते, असे स्टेम्पेल आणि स्नॉडग्रास या दोघांकडे पाहून आमचे मत बनले आहे.

या मताला आमचा स्वतःचाही थोडा आधार आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील गोष्ट. कचेरी कोणती आणि शहर कोणते, ते सांगत नाही. हिंदी पंधरवड्यात कर्मचाऱ्यांसाठी प्रश्नमंजूषा होती आणि अंतिम फेरीत आमची गाठ वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या संघाशी पडली. आदल्या संध्याकाळी संयोजकांनी आम्हांस बाजूला घेऊन आपुलकीने सांगितले, ‘तुम्ही तरुण आहात, पुढे पुष्कळ जिंकाल. साहेब यंदा निवृत्त होत आहेत.’ शेवटचा प्रश्न आमच्याकडे आला : संविधान अमलात आले तेव्हा त्याच्या आठव्या अनुसूचीत किती भाषा होत्या? उत्तर चौदा. सिंधीची भर पडून पंधरा झाल्या त्या १९६७ मध्ये. हे आम्हांस आमच्या जन्मतारखेइतके पाठ होते. आम्ही पंधरा म्हणालो. चूक शोभेल अशी निवडली, याचा त्या वेळी थोडा अभिमानही वाटला. साहेबांनी चषक घेतला आणि आमच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘थोडे वाचन वाढवा.’ त्यांना यातील काहीच ठाऊक नव्हते. आमच्याशी जेवणाच्या सुट्टीत कोडी सोडवीत बसणारा एक वयस्कर शिपाई तेवढा आमच्याकडे रोखून पाहत राहिला. चौदा हे उत्तर आम्हीच त्याला कधीतरी सांगितले होते. त्या दिवसानंतर त्याने आम्हांस कोडे घातले नाही. ‘मार्टी’ची हकीकत आम्ही प्रथम वाचली ती यानंतर काही वर्षांनी, आणि वाचताना कान तापले.

असो. प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोरील सुनावणी ६ ऑक्टोबर १९५९ रोजी सुरू झाली. ऑरेन हॅरिस हे अध्यक्ष. चौकशीच्या कामात रिचर्ड गुडविन हा तरुण वकील होता. पुढे तो केनेडींची भाषणे लिहू लागला. गंमत अशी, की आपल्या देशातील दूरचित्रवाणी त्या दिवशी बरोबर तीन आठवड्यांची होती. दिल्लीत तिचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. म्हणजे आपल्याकडे पाळणा हलत होता, तेव्हा तेथे पंचनामा चालला होता.

२ नोव्हेंबर रोजी व्हॅन डोरेनने समितीसमोर लेखी निवेदन वाचून सर्व कबूल केले. समितीतील बहुतेकांनी त्याच्या सत्यकथनाची वाखाणणी केली. एकटे स्टीव्हन डेरूनियन मात्र म्हणाले, की एवढ्या बुद्धिमान माणसाने खरे सांगितल्याबद्दल त्याचे कौतुक करावे असे आपणास वाटत नाही. कोलंबिया विद्यापीठाने त्याचा राजीनामा घेतला, एन.बी.सी.ने त्याला काढून टाकले. १९६२ मध्ये त्याने व इतर काही स्पर्धकांनी खोट्या साक्षीचा गुन्हा मान्य केला. शिक्षा स्थगित ठेवण्यात आली. ज्यांनी हा खेळ रचला आणि ज्यांच्या औषधाच्या बाटल्या त्यावर खपल्या, त्यांना त्या मानाने फारशी झळ लागली नाही. बॅरी काही वर्षे दूर फेकला गेला खरा, परंतु १९७२ मध्ये ‘द जोकर्स वाइल्ड’ घेऊन पडद्यावर परतला आणि पुढे एनराइटही त्यास येऊन मिळाला. पुरवठादार सुटतो आणि सही करणारा कनिष्ठ अडकतो, हा प्रकार वाचकांपैकी अनेकांस अपरिचित नसावा.

१९६० मध्ये दळणवळण कायद्यात दुरुस्ती होऊन ज्ञानाच्या स्पर्धेत गुप्तपणे साहाय्य करणे हा गुन्हा ठरला. दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आज जगभर जे कार्यक्रम चालतात त्यांतील कडक बंदोबस्ताची मुळे तेथे आहेत. आम्ही विद्यार्थिदशेत १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ पाहू लागलो, तेव्हा बक्षिसापेक्षा उत्तराचेच अप्रूप असे. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि पैसा पुन्हा पडद्यावर आला. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण त्यात पहिला करोडपती झाला, तेव्हा परप्रांतातील मराठी घरांत जणू आपल्याच घरी निकाल लागल्यासारखा आनंद झाला होता.

व्हॅन डोरेनने पुढील आयुष्य एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या संपादनात घालविले. ज्ञानाचा इतिहास सांगणारा एक जाडजूड ग्रंथही १९९१ मध्ये लिहिला. १९९४ मध्ये रॉबर्ट रेडफर्ड यांनी या प्रकरणावर ‘क्विझ शो’ हा चित्रपट काढला. व्हॅन डोरेन मात्र जवळजवळ पन्नास वर्षे या विषयावर जाहीरपणे बोलला नाही, बोलला तो २००८ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मधील लेखात. ९ एप्रिल २०१९ रोजी तो वारला. स्टेम्पेलने काही काळ शिक्षकाचा पेशा केला आणि नंतर न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक खात्यात न्यायालयीन प्रकरणांची कागदपत्रे तपासण्याची नोकरी केली. ७ एप्रिल २०२० रोजी तो गेला. दोघेही १९२६ चे, दोघांनाही त्र्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभले.

आता लाखेविषयी. ती प्रामाणिकपणाची हमी देत नाही, हे आम्ही जाणतो. तिजोरी, बँकेचा अधिकारी आणि बंदूकवाले पहारेकरी असतानाही अमेरिकेत काय झाले, ते वर आलेच आहे. म्हणून यंदापासून मंडळाच्या संमतीने आम्ही आणखी एक व्यवस्था केली आहे. प्रश्नांची एक प्रत कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी मंडळाच्याच पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावयाची आणि ते पाकीट बक्षीस समारंभाच्या वेळी फोडावयाचे. खर्च आमच्या खिशातून. पहिले पाकीट परवाच येऊन पोहोचले, ते चिटणीसांच्या कपाटात आहे, आणि त्यावरील शिक्का सुदैवाने स्वच्छ उमटला आहे.